फिरत्या घराची बॅटरी

मागच्या हिवाळ्यात नगर-सोलापूर रस्त्यावर मिरजगावला मुक्काम पडला. मित्राने जुन्या व्हॅनमध्ये बिछाना, पंखा आणि छोटा फ्रिज बसवून फिरते घर केले होते. सोलापूरहून चार तास गाडी चालली, तरी रात्री नऊलाच दिवे मंदावले. घरासाठीची वेगळी बॅटरी नवी होती. मग ती वाटेत भरली का नाही?

शिशाचा पुन्हा भरता येणारा घट गास्ताँ प्लांतेने १८५९ साली केला. पण भरायला त्याच्याजवळ दुसरे साधे घटच होते! डायनामो आल्यावर या घटाला खरा उपयोग मिळाला. १८९०च्या दशकात लंडनच्या स्टोन कंपनीने रेल्वेडब्याच्या आसाला पट्टा लावून डायनामो फिरवला आणि बॅटऱ्या भरल्या. यात एक अडचण होती. गाडी मंदावली की डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा कमी होतो आणि धारा उलटी वाहून भरलेली बॅटरी रिकामी होऊ लागते. म्हणून अशा वेळी जोडणी आपोआप तोडणारा कट-आउट लागे. गाडी उलट दिशेने निघाली तर धन-ऋण टोके बदलत; त्याचीही सोय करावी लागे.

१९१२मध्ये कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसला आणि पुढे मोटारीत डायनामो, बॅटरी व कट-आउट हे त्रिकूट रुळले. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसडर गाड्यांतही ते असे. १९६०च्या दशकात अल्टरनेटर पसरला. त्यातले सिलिकॉनचे डायोड धारा एकाच दिशेने जाऊ देतात, त्यामुळे कट-आउट गेला.

मित्राच्या गाडीत अल्टरनेटर ठणठणीत होता. सकाळी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला: पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट, मागच्या बॅटरीवर १३.२. चोर सापडला! तांब्याची तार ४ चौरस मिलिमीटर जाडीची, जाऊन-येऊन १२ मीटर. तिचा रोध ०.०१७२ × १२ ÷ ४, म्हणजे सुमारे ०.०५ ओहम, २० अँपिअरला एक व्होल्ट तारेतच खर्च. बॅटरी भरत जाते तशी धारा घटते आणि हा तोटाही घटतो, पण चार तास तेवढ्याला पुरत नाहीत. सतत अर्धवट राहिलेल्या बॅटरीत शिशाचे सल्फेट कठीण होते आणि ती कायमची निकामी होते.

गॅरेजमध्ये १६ चौरस मिलिमीटरची तार ओढली. तोटा पाव व्होल्टवर आला. अलीकडच्या अनेक गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर आपला दाब मुद्दाम उतरवतो. तिथे जाड तारही पुरत नाही, दाब वाढवून देणारा चार्जर मध्ये लागतो.

मेकॅनिक फ्यूज पुढच्याच टोकाला लावत होता. पण या तारेच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्येच ती पत्र्याला घासली तर मागची बॅटरीही तिला लालभडक करील. दुसरा फ्यूज बसवून घेतला आणि मगच निघालो.