प्राचल, न वापरलेला
सी या संगणकभाषेतील फलनाने स्वीकारलेला, परंतु न वापरलेला प्राचल. संकेत हाताळणाऱ्या फलनास संकेताचा क्रमांक, गरज नसली तरी, घ्यावाच लागतो. कंपायलर अशा प्राचलाबद्दल इशारा देऊ शकतो आणि निरर्थक इशाऱ्यांच्या गर्दीत खरी चूक हरवते. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील (१९७९) लिंट ही तपासणी-आज्ञावली ‘आर्ग्जयूज्ड’ या टिप्पणीने गप्प होई; पण ती टिप्पणी सबंध फलनास लागू असल्याने चुकून विसरलेला प्राचलही झाकला जाई. पुढे जीसीसी कंपायलरने एकेका प्राचलास ‘अनयूज्ड’ हा गुणविशेष जोडण्याची सोय केली. ती प्रमाणित नव्हती. म्हणून प्राचलाचे मूल्य ‘व्हॉइड’ करून टाकून देण्याची ओबडधोबड युक्ती टिकून राहिली. ‘मेबी अनयूज्ड’ हा प्रमाणित गुणविशेष सी प्लस प्लसमध्ये २०१७ साली आला. सीमध्ये तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणकाने आणला. त्यानुसार प्राचलाचे नावच गाळण्याचीही मुभा आहे.