फोटो काढणारीचं नाव



आज आपण फोटोबद्दल बोलणार आहोत. फोटो काही आपल्याला नवा नाही. बँकेच्या पासबुकावर फोटो, कर्जाच्या अर्जावर फोटो, प्रशिक्षण संपलं की फलकापुढे रांगेत उभं राहून फोटो. पण हे सगळे फोटो दुसऱ्या कुणाला तरी हवे असतात आणि दुसराच कुणीतरी ते काढतो. यंदा आमच्या गटांतल्या काही जणींनी ठरवलं, की कामासाठी काढतो ते राहू दे, आपण हौस म्हणून फोटो काढायला शिकायचं. लगेच कुणीतरी विचारलंच, "हे बायकांचं काम आहे का?" मग आम्ही म्हटलं, चला, जरा मागे जाऊन बघू. आपल्या ठाणे-कल्याणच्या मुलखात हा कॅमेरा आला कसा, तो कुणाच्या हातात गेला, आणि त्यात बायका होत्या का?

फोटो काढायची रीत जगापुढे आली १८३९ साली, फ्रान्समध्ये. त्या वर्षी १९ ऑगस्टला ती जाहीर झाली, म्हणून आजही तो दिवस जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणपर्यंत पोचली. त्याच १८५४ च्या ऑक्टोबरात मुंबईत फोटोची हौस असणाऱ्यांनी एक मंडळ काढलं, 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे'. आगगाडी आणि फोटोची हौस, दोन्ही आपल्या भागात एकाच सुमाराला आल्या म्हणायच्या.

या मंडळात साहेबलोक होते, तशीच आपली माणसंही होती. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईत राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचं नाव आहे. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर, पण फोटोच्या नादाला लागले. कारागिरांचे, निरनिराळ्या व्यवसायांतल्या लोकांचे फोटो त्यांनी काढले. ही मंडळी शिकायची कशी? दर महिन्याला बैठक घ्यायची, काढलेले फोटो एकमेकांना दाखवायचे, कुणाला काय जमलं, कुठं बिघडलं ते बोलायचं. आहे की नाही अगदी आपल्या बचत गटासारखं! एकमेकांत बसून शिकणं तेव्हाही होतं, आजही तेच चालतं.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे मोठं अंगमेहनतीचं काम होतं. १८५१ साली निघालेली ओल्या काचेची रीत होती. काचेच्या पट्टीवर औषध ओतायचं, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधारात धुवायची. म्हणजे फोटो काढायला रानात जायचं तर काचा, औषधांच्या बाटल्या, पाणी आणि अंधाराचा तंबू असा सगळा संसार बरोबर न्यायचा. आपल्या उन्हात तर काच बघता बघता वाळून जायची.

अशा दिवसांत, १८६८ साली, मुंबईच्या कलाशाळेची माणसं आपल्या अंबरनाथला आली. वालधुनीच्या काठचं शिवमंदिर तुम्ही पाहिलंच असेल. १०६० सालचा शिलालेख असलेलं, शिलाहार राजांच्या काळातलं हे देऊळ. सरकारच्या हुकुमावरून या माणसांनी तिथल्या कोरीव कामाचे साचे घेतले, चित्रं काढली आणि फोटोही घेतले. हे कशासाठी? दगडही झिजतो म्हणून. ऊनपाऊस खाऊन मूर्तीचा चेहरा पुसट होतो, पण त्या दिवशी तो कसा होता हे कागदावर राहतं. देवळाच्या भिंतीवर किती बायका कोरलेल्या आहेत! आमच्या मनात आलं, भिंतीवर बाई, फोटोत बाई. मग कॅमेऱ्याच्या मागे बाई कधी आली?

त्यासाठी अंबरनाथहून कर्जतच्या दिशेनं पुढे जाऊ. बदलापूर गेलं की वांगणी. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली 'राजा हरिश्चंद्र' करायला घेतला, तेव्हा बाहेरची दृश्यं याच वांगणीत घेतली. त्याची एक हकिकत अजून सांगतात. फाळके स्वतः मागाहून येणार होते. नटमंडळी ढालीतलवारी घेऊन पुढे आली. गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले! गावानं त्यांना अडवलं. फाळके आले, कॅमेरा दाखवला, सगळं समजावलं, तेव्हा कुठं सुटका झाली.

या चित्रपटात राणी तारामतीचं काम करायला एकही बाई तयार होईना. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं ते केलं. म्हणजे पडद्यावर बाई नव्हती. पण पडद्यामागे होती. त्या होत्या फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फाळक्यांनी आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडी थोडी चित्रं घेतली. ती सलग फिरवली की बी फुटून रोप वर येताना दिसायचं. सरस्वतीबाईंनी हे सगळं जवळून पाहिलं आणि हळूहळू हात घातला. त्या वेळी कोरी फिल्म भोकं न पाडलेली यायची. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून त्या तिला भोकं पाडायच्या. फिल्म धुण्याची औषधं कालवायला शिकल्या. चित्रण चालू असताना उजेड नटांच्या तोंडावर पडावा म्हणून उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. शिवाय ६०-७० माणसांचा स्वयंपाक. पैशाची अडचण आली तेव्हा अंगावरचे दागिनेही दिले. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला आणि फाळके देशभर गाजले. आमच्या बैठकीत आम्ही विचारलं, फाळक्यांचं नाव कुणी ऐकलंय? बहुतेकींचे हात वर. सरस्वतीबाईंचं? दोनच हात.

तर मैत्रिणींनो, बाई कॅमेऱ्याच्या कामात पहिल्यापासून होती. तिचं नाव तेवढं मागे राहिलं.

ज्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' लागला त्याच वर्षी, १९१३ च्या डिसेंबरात, नवसारीला एका पारशी घरात होमाई जन्मल्या. पुढे त्या मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकल्या. कॅमेरा हातात धरायला त्यांना शिकवलं माणेकशॉ व्यारावाला यांनी, ज्यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सुरुवात कशी झाली? कुठल्या मोठ्या प्रसंगानं नाही. बायकांच्या मंडळाची सहल निघाली होती, तिचे फोटो होमाईंनी काढले आणि १९३८ साली ते वर्तमानपत्रात छापून आले. एका फोटोला एक रुपया मिळाला. मात्र सुरुवातीच्या काळात त्यांचे बरेचसे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात, कारण होमाईंना तेव्हा कुणी ओळखत नव्हतं. पण त्या थांबल्या नाहीत. १९४२ साली दिल्लीला गेल्या, साडी नेसून, कॅमेरा खांद्याला लावून, सायकलवरून फिरल्या आणि स्वातंत्र्याच्या सोहळ्याचे फोटो त्यांनी काढले. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांची ओळख आहे. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आपल्याकडे घराघरांत कॅमेरा आला तो बराच उशिरा. ठाणे, डोंबिवलीच्या नोकरदार घरांत 'अ‍ॅग्फा क्लिक'चा काळा डबा असे. एका रोलमध्ये १२ फोटो. त्यावर उन्हाची आणि ढगाळ हवेची खूण असायची, ती बघून कळ फिरवायची. रोल महागाचा, म्हणून कॅमेरा बहुधा कर्त्या माणसाच्या हातात. त्या काळचे अल्बम काढून बघा. बारसं आहे, मुंज आहे, लग्न आहे. पण आपल्या आजीचा रोजचा फोटो किती घरांत सापडेल? भात लावताना, जात्यावर बसलेली, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेली? लग्नात ओळीनं उभी केलेली आजी मिळते, हसणारी आजी मिळत नाही.

आता फोन आपल्या हातात आहे. रोल लागत नाही, धुवायचा खर्च नाही. जमला नाही तर पुसून दुसरा काढायचा. शिकायला यापेक्षा सोपे दिवस कधी नव्हते. आम्ही आमच्या गटांत चार गोष्टींपासून सुरुवात केली, त्या सांगतो.

पहिली, फोनची काच सुती कपड्यानं पुसून घ्या. आपले हात पिठाचे, तेलाचे असतात. दुसरी, उजेड कुठून येतोय ते बघा. माणसाच्या पाठीमागे ऊन असेल तर तोंड काळं येतं. घरात असाल तर माणसाला दारातल्या किंवा खिडकीतल्या उजेडाकडे तोंड करून बसवा. तोंडावर सावली पडतच असेल तर सरस्वतीबाईंसारखी पांढरी चादर समोर धरा, अजूनही तीच युक्ती चालते. तिसरी, चित्र बोटांनी मोठं करू नका, दोन पावलं पुढे जा. आणि चौथी, कोपरं अंगाला टेकवा, श्वास रोखा, मग बटण दाबा. हात हलत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका, आणि काढलेला फोटो तिला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका. आपल्याला जे आवडत नाही ते दुसरीला कशाला?

फोटो कशाचा काढायचा, हा प्रश्न मनात असेल. मैत्रिणींनो, कल्याण, भिवंडी, मुरबाडकडे एकदा नजर टाका. कालची भातखाचरं आज गोदामं झाली, इमारती झाल्या, रस्ते झाले. आज बांधावर उभं असलेलं झाड पुढच्या पावसाळ्यात असेलच असं नाही. अंबरनाथच्या देवळासाठी सरकारनं माणसं पाठवली. आपल्या बांधासाठी, आपल्या ओट्यासाठी, आपल्या सासूबाईंच्या हातावरच्या गोंदणासाठी कोण पाठवणार? ते आपणच करायचं.

या महिन्यात प्रत्येकीनं एक फोटो काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा, ती रोज जे काम करते ते करताना. पुढच्या बैठकीला तो घेऊन या, एकमेकींना दाखवा, काय जमलं ते बोला. आणि फोटोखाली तीन गोष्टी लिहून ठेवा. फोटोत कोण आहे, तारीख काय आणि फोटो कुणी काढला. ही तिसरी ओळ विसरू नका. तिथं आपलं नाव पूर्ण लिहा.