खांदा का दुखतो? लोकलचा ताण, ‘फ्रोझन शोल्डर’ आणि उपचार

ठाकुर्लीला फक्त धीम्या लोकल थांबतात. कल्याणहून भरून आलेल्या गाडीत चढायचे, एका हाताने डोक्यावरची कडी धरायची, दुसऱ्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि सीएसएमटीपर्यंत तास-सव्वा तास तसेच उभे राहायचे. अशा माणसाचा खांदा दुखू लागला की दोष लोकलला दिला जातो. अनेकदा तो बरोबरही असतो. पण पन्नाशीच्या आसपास खांदा हळूहळू आखडत चालला असेल, तर त्यामागे रक्तातली वाढलेली साखर असू शकते. या दोन दुखण्यांचे उपचार वेगळे आहेत.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. म्हणूनच हात जवळजवळ सगळ्या दिशांना फिरतो. मात्र चेंडू बशीत टिकवण्याचे काम हाडांपेक्षा भोवतालच्या स्नायूंनाच जास्त करावे लागते. त्यातल्या चार स्नायूंच्या कंडरा मिळून ‘रोटेटर कफ’ बनतो. हात बराच वेळ डोक्याच्या वर राहिला की या कंडरांवर ताण येतो. म्हणून रंगारी, इलेक्ट्रिशियन, गोलंदाज आणि कडीला लटकणारे प्रवासी यांना हा त्रास होतो. वयानुसार कंडरा झिजतातही. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. साठीनंतर अनेकांच्या कंडरा थोड्याफार फाटलेल्या असतात आणि त्यांना काहीच दुखत नसते. त्यामुळे एमआरआयच्या अहवालात ‘टेअर’ हा शब्द दिसला म्हणजे ऑपरेशन करावेच लागेल असे नाही. बहुतेकांना काही आठवडे वजन उचलणे टाळून आणि फिजिओथेरपिस्टकडून स्नायू बळकट करण्याचे व्यायाम शिकून आराम पडतो. पडल्यानंतर अचानक हात वरच होईनासा झाला, तर मात्र वाट पाहू नये. ताजी फाटलेली कंडरा वेळेत शिवली तर निकाल चांगला मिळतो.

घरच्या घरी एक तपासणी

आधी स्वतः हात वर करून पाहा. मग हात सैल सोडा आणि घरातल्या कुणाला तो हळूच उचलायला सांगा. स्वतःला जमत नाही, पण दुसऱ्याने उचलल्यावर हात वर जातो, तर दोष कंडरेत असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्याने उचलूनही हात अडतो, विशेषतः कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेर फिरवताना, तर खांदा गोठला असण्याची शक्यता आहे. एक्स-रेमध्ये यातले फारसे काही दिसत नाही. तो काढतात तो मुख्यतः संधिवात किंवा हाडाचा दोष नाही ना, हे पाहण्यासाठी.

फ्रोझन शोल्डर

हे नाव बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिले. यात सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते आणि आक्रसते. चाळीस ते साठ या वयात, पुरुषांपेक्षा स्त्रियांना आणि मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. सुरुवातीचे काही महिने दुखणे तीव्र असते आणि रात्री झोप लागत नाही. मग दुखणे कमी होते, पण हात अडतो. वेणी घालता येत नाही, पाठीमागचे हुक लागत नाहीत, मागच्या खिशातले पाकीट निघत नाही. त्यानंतर सांधा हळूहळू सुटतो. एकूण एक ते तीन वर्षे जातात, आणि कधी कधी थोडा अडथळा कायम राहतो. कारण नसताना खांदा गोठला तर साखर तपासून घ्यावी. काहींना मधुमेह असल्याचे तेव्हाच कळते.

दुखते म्हणून हात गळ्यात बांधून ठेवणे, ही यातली सर्वात महागात पडणारी चूक. हात जितका स्थिर, तितका सांधा आखडतो. याच्या उलट टोक म्हणजे कुणाकडून तरी हात जोरात ओढून घेणे. दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात तेही नको. पुढे वाकून हात लंबकासारखा हळूहळू झुलवण्याचा व्यायाम तेव्हा सोसवतो. तो कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. दुखणे आवाक्यात नसेल तर सांध्यात स्टेरॉईडचे इंजेक्शन देतात. ते सुरुवातीला घेतले तर उपयोग जास्त. मधुमेहींची साखर मात्र त्यानंतर काही दिवस वाढू शकते, म्हणून ती मोजत राहावी. भूल देऊन सांधा मोकळा करणे किंवा दुर्बिणीने आवरण कापणे हे पर्याय त्यानंतरचे. ब्रिटनमध्ये सुमारे ५०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत हे दोन्ही उपाय आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी यांपैकी एकही वर्षभरानंतर स्पष्टपणे सरस ठरला नाही.

सांधा निखळणे हा प्रकार निराळा. मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर चेंडू अडवताना श्रेयस अय्यरचा डावा खांदा निखळला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. असा खांदा घरी ओढून बसवू नये. नसा आणि रक्तवाहिन्या दुखावतात. थेट रुग्णालयात न्यावे.

काही वेळा खांदा दुखतो, पण बिघाड तिथे नसतोच. मान वळवल्यावर कळ खांद्यातून बोटांपर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर मूळ मानेत असू शकते. पित्ताशयाचे दुखणे उजव्या खांद्यात जाणवू शकते. आणि हात हलवला किंवा स्थिर ठेवला तरी दुखण्यात फरक पडत नसेल, सोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी बाम चोळत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.