मुरूम, डाग आणि हळद : औषध की प्रसाधन ?

सुश्रुतसंहितेत मुरुमांना ‘मुखदूषिका’ म्हटले असून त्यांची गणना क्षुद्ररोगांत केलेली आहे. वमन तसेच वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप हा त्यावरील उपचार होय. काळसर डागांचा ‘व्यंग’ हा तेथे निराळा विकार मानला आहे. लक्षणीय बाब अशी की, मुखदूषिकेच्या या लेपात हळद नाही. पूर्णेजवळील वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या परिसरात ही गोष्ट सहजी पटणार नाही.

हळदीच्या क्रीमचे औषधपण ठरले ते न्यायालयात. विको कंपनीचे हे क्रीम प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हा उत्पादन शुल्काचा वाद १९७८ मध्ये ठाण्याच्या न्यायालयात गेला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधाच्या बाजूने कौल दिला. अर्थात, तो निर्णय करवर्गीकरणाचा होता, गुणाचा नव्हे.

खरा धोका वेगळ्याच क्रीममधून आला. डाग घालविण्यासाठी व गोरेपणासाठी स्टेरॉइडयुक्त मलमे सर्रास वापरली गेली. त्यांनी त्वचा पातळ होते आणि मुरूम उलट वाढतात. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी मलमे अनुसूची ‘एच’ मध्ये आणून चिठ्ठीविना विक्रीस मनाई केली. दुकानात मात्र चिठ्ठी मागितली जातेच, असे नाही.