उंदरांची साक्ष

खाणीत उतरणाऱ्या मंडळींबरोबर पिंजऱ्यातला एक चिमुकला पिवळा पक्षी जात असे, ही हकीकत पुष्कळ वाचकांनी ऐकलेली असेल. विलायतेतील कोळशाच्या खाणींत हा कॅनरी पक्षी १९८६ सालापर्यंत नोकरीवर होता. विषारी वायू पसरला की माणसाच्या आधी तो कोसळे आणि माणसे सावध होऊन बाहेर पडत. वायूची गोष्ट अशी सरळ असते. धुळीची तशी नसते. धूळ माणसाला त्याच दिवशी पाडत नाही. ती वीस-वीस, तीस-तीस वर्षे छातीत ठाण मांडून बसते. दम लागू लागतो तेव्हा कामगाराने कारखाना सोडून केव्हाच गाव गाठलेले असते. वयामुळे झाले, विडीमुळे झाले, नशिबात होते म्हणून झाले, असे म्हणायला मग सगळेच मोकळे!

म्हणून शास्त्रज्ञ गणरायाच्या वाहनाकडे वळले. उंदराचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. माणसाच्या छातीत जे घडायला अर्धे आयुष्य जाते, ते उंदराच्या छातीत दीड-दोन वर्षांत दिसू शकते. शिवाय उंदीर विडी ओढत नाही. त्याने कोणती हवा किती दिवस घेतली याची चोख नोंद ठेवता येते, आणि तशाच दुसऱ्या उंदरांना स्वच्छ हवेत ठेवून तुलनाही करता येते.

या विद्येचे एक मोठे पीठ म्हणजे अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागातले सॅरनॅक लेक हे गाव. एडवर्ड ट्रूडो नावाचा डॉक्टर स्वतः क्षयाने पछाडलेला असताना तेथे राहिला आणि मोकळ्या हवेत सावरला. आपल्याला गुण आला तो खरोखर हवेने की योगायोगाने, हे तपासण्यासाठी त्याने पंधरा ससे घेतले. पाचांना क्षयाचे जंतू टोचून कोंदट जागेत ठेवले. त्यांतले चार मेले. पाचांना जंतू न टोचता तशाच वाईट जागेत ठेवले; ते रोडावले, पण क्षय झाला नाही. उरलेल्या पाचांना जंतू टोचून तळ्यातल्या एका बेटावर मोकळे सोडले. त्यांतला एकच दगावला. १८८७ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला आजही आदर्श वाटतो. प्रश्न साधा, तुलना उघड आणि निकाल सर्वांसमोर ठेवलेला.

ट्रूडोने १८९४ साली तेथे प्रयोगशाळा बांधली. पुढे तिची सूत्रे लेरॉय गार्डनर यांच्या हाती आली. तेही मूळचे क्षयाचे रोगीच. ससे, गिनीपिग, उंदीर यांना धुळीने भरलेल्या खोल्यांत ठेवून कोणती धूळ फुप्फुसाचे काय करते, याचा अभ्यास त्यांनी वर्षानुवर्षे केला. दगडाची धूळ झाली. मग अॅस्बेस्टॉसची पाळी आली. दगडासारखा खाणीतून निघणारा, कापसासारखा पिंजता येणारा आणि आगीत न जळणारा हा पदार्थ त्या काळी कारखानदारीचे लाडके बाळ होता.

काम खर्चाचे होते. १९३६ साली जॉन्स-मॅनव्हिल आदी अॅस्बेस्टॉस कंपन्यांनी पैसा पुरवायचे कबूल केले. अट एवढीच की निष्कर्ष पैसा देणाऱ्यांच्या मालकीचे राहतील. ते प्रसिद्ध करायचे की नाही, किती आणि कसे, हे त्यांनीच ठरवायचे. गार्डनर यांनी ती मान्य केली.

१९४३ साली त्यांनी जमवलेल्या निष्कर्षांत एक अनपेक्षित गोष्ट होती. लांब तंतूंच्या अॅस्बेस्टॉसची धूळ हुंगलेल्या पांढऱ्या उंदरांच्या एका लहानशा गटात ८१.८ टक्के उंदरांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. गार्डनर उतावळे नव्हते. उंदरांची संख्या थोडी होती, आणि काही जातींच्या उंदरांना असा रोग एरवीही होतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून प्रयोग नीट बेतून पुन्हा करावा यासाठी त्यांनी सरकारी कर्करोग संस्थेकडे पैसे मागितले. ते मिळाले नाहीत. १९४६ साली ते वारले. १९५१ च्या जानेवारीत त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रयोग छापले, तेव्हा कर्करोगाचा उल्लेख त्यातून गळलेला होता. कंपन्यांची तशी इच्छा होती, हे पुढे पत्रव्यवहार कोर्टात उघडा पडला तेव्हा जगाला समजले.

उंदीर हा माणूस नव्हे, हा आक्षेप खरा आहे. पण शंकेवरचा उपाय म्हणजे दुसरा प्रयोग; कपाटाचे कुलूप नव्हे.

उंदरांची साक्ष दाबली गेली, म्हणून सत्य थांबले नाही. ते माणसांच्या देहातून बाहेर आले. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी इंग्लंडमधील एका कारखान्यात वीस वर्षे वा अधिक काळ धुळीत राबलेल्या ११३ पुरुषांचा हिशेब मांडला. त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे दहापट होता. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीच्या आवरणाच्या दुर्मीळ कर्करोगाचे ३३ रोगी नोंदवले. त्यांतले कित्येक खाणीत कधी उतरलेच नव्हते. लहानपणी खाणीच्या आसपास राहिले होते, इतकेच. वॅग्नर मग पुन्हा उंदरांकडे गेले. १९७४ च्या त्यांच्या शोधनिबंधात अवघा एक दिवस धूळ हुंगलेल्या मोठ्या उंदरांतही तो रोग आढळला. या वेळी निकाल कपाटात गेला नाही.

ही कथा परदेशची असली तरी आपल्या डोक्यावर आहे. चाळींवर, गोठ्यांवर, शेडवर बसवलेल्या सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत हेच तंतू असतात. पत्रा अखंड असतो तोवर ते सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. तो करवतीने कापला, भोके पाडली, फोडला की हवेत उडतात. दिवाळीच्या साफसफाईत असा पत्रा काढायचा झाला तर तो घरच्या घरी फोडू नये, पोरांना जवळ येऊ देऊ नये, एवढे मी आवर्जून सांगेन.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २७ जानेवारी १९९५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांविषयी निकाल दिला. प्रत्येकाच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा असेल तोवर जपावी, असा त्यात आदेश आहे. चाळीस वर्षे ही मुदत मला फार बोलकी वाटते. धूळ जितकी वर्षे छातीत दडते, तितकी वर्षे कागदानेही टिकले पाहिजे. तो कागद कोणाच्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे विचारण्याचा हक्क मात्र कामगाराने आणि त्याच्या घरच्यांनी सोडता कामा नये.