'मा भूमि' आणि १७ सप्टेंबरनंतरचा परभणी जिल्हा

परभणी जिल्ह्यातील मुक्तिलढ्याचा इतिहास सामान्यतः एका तारखेपाशी येऊन थांबतो. १९३७ साली परतूर येथे (हा तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता) गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढे १९३८ मधील स्टेट काँग्रेसवरील बंदी व सत्याग्रह, रझाकारांचे अत्याचार, वऱ्हाडच्या सीमेवरील शिबिरे आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली पोलीस कारवाई. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, आणि कथा संपली! या मांडणीतील घटना खऱ्या आहेत. शंका आहे ती तिच्या शेवटाविषयी.

ही शंका ज्या कलाकृतीमुळे बळावते ती मराठी नाही. गौतम घोष यांचा 'मा भूमि' हा तेलुगू चित्रपट १९७९ साली बी. नरसिंग राव आदींनी व्यावसायिक चित्रसृष्टीबाहेर राहून निर्माण केला. कृष्ण चंदर यांच्या 'जब खेत जागे' या उर्दू कादंबरीचा त्याला आधार आहे. त्याचा नायक रामय्या हा तेलंगणातील गरीब शेतकऱ्याचा मुलगा. गावच्या जाचाला कंटाळून तो हैदराबादला जातो, कारखान्यातील कामगारांत त्याला संघटनेची ओळख होते आणि तो लढ्यासाठी गावी परततो. जमीनदार पळतो, जमीन वाटली जाते. सामान्य दिग्दर्शकाने येथेच पडदा टाकला असता. घोष पुढे जातात. भारतीय फौज येते, तिच्या आश्रयाने जमीनदारही परत येतो, आणि जमीन राखण्याच्या झुंजीत रामय्या मारला जातो. तेलंगणातील सशस्त्र लढा प्रत्यक्षातही १९५१ पर्यंत चालला होता.

हा साचा परभणीला जसाच्या तसा लागू पडणार नाही. तेलंगणातील देशमुखांची अफाट जमीनदारी व वेठ मराठवाड्यात त्या प्रमाणात नव्हती. येथील लढ्याचे नेतृत्व मुख्यतः स्टेट काँग्रेसकडे होते. शिवाय 'वसाहतवादविरोधी' हे विशेषणही येथे जपून वापरावे लागते; कारण समोर होता तो ब्रिटिशांच्या सार्वभौमत्वाखाली टिकलेला, आणि ते सार्वभौमत्व १५ ऑगस्ट १९४७ रोजी संपल्यावरही हटून बसलेला संस्थानिक.

'मा भूमि'ची दृष्टीही एकपक्षी आहे. शेतकऱ्यावर झालेला बळाचा वापर तिला दिसतो. पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर मुसलमानांची झालेली कत्तल तिच्या कथेत मध्यवर्ती नाही. मराठीतील 'रझाकार' (२०१५) या चित्रपटाचा विषय तर नावातच आला. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानच्या १६ जिल्ह्यांपैकी १३ जिल्ह्यांना या हिंसेची झळ पोहोचल्याचे नमूद केले आणि एकूण मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक हानीच्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. त्याखालोखालच्या चारांत औरंगाबाद व बीड. मराठवाड्याच्या तत्कालीन पाच जिल्ह्यांपैकी परभणीचेच नाव या दोन्ही याद्यांत नाही. शेजारी सर्वत्र आग असताना हा जिल्हा खरोखर शांत राहिला, की समितीची नजर तेथवर पोचली नाही? याद्यांतील अनुपस्थिती हा शांततेचा पुरावा नव्हे, तसा हिंसेचाही नव्हे.

याचे उत्तर चित्रपटात मिळणार नाही. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याखालील प्रकरणे आणि १९५४ ची खासरापत्रके गावोगाव पडताळून १९४८ पूर्वीच्या कब्जेदारांची नावे नंतर कोठे गळली, हे पाहिले पाहिजे. परतूर, जिंतूर, वसमत येथील तालुक्यांपासून हे काम सुरू करता येण्याजोगे आहे.