शिवाजी पार्क

मुंबईच्या दादर-माहीम भागातले, अरबी समुद्राच्या काठाजवळचे सार्वजनिक मैदान. क्षेत्रफळ सुमारे १,१३,००० चौ. मी., म्हणजे जवळजवळ २८ एकर. भोवतालचा कट्टा सव्वा किलोमीटरला थोडा कमी. पश्चिमेला वीर सावरकर मार्ग (पूर्वीचा कॅडेल रोड), त्यापलीकडे घरांची आणि बंगल्यांची ओळ, आणि लगेच दादरची चौपाटी. कडेने झाडे, मध्ये मोकळी माती, पश्चिमेकडे शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. या पुतळ्याच्या हातात तलवार नाही, हात पुढे केलेला आहे. जमिनीच्या भावाने माणसाला हैराण करणाऱ्या या शहरात समुद्राजवळची एवढी जागा शंभर वर्षे मोकळी कशी राहिली, हा या मैदानाच्या इतिहासातला खरा प्रश्न. त्याचे श्रेय सहसा नगररचनाकारांना दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मैदान टिकले ते त्यावर हक्क सांगणारे अनेक होते आणि त्यांपैकी कोणा एकालाही ते पुरते ताब्यात घेता आले नाही म्हणून.

सुरुवात मात्र नगररचनेपासूनच करावी लागते. १८९६ च्या प्लेगने दाटीवाटीच्या मुंबईची दैना उघडी पाडली आणि १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. रुंद रस्ते, हवेशीर घरे आणि मध्ये मोकळी जागा ठेवून शहर उत्तरेकडे वाढवायचे, हे त्या काळच्या योजनांचे सूत्र होते. याच विस्तारात १९२५ मध्ये हे मैदान ‘माहीम पार्क’ या नावाने लोकांना खुले झाले. दोनच वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून ‘शिवाजी पार्क’ हे नाव पडले. अवंतिकाबाई गांधीजींच्या सहकारी आणि हिंद महिला समाजाच्या संस्थापक होत्या. इंग्रजांच्या राज्यात सार्वजनिक जागेला शिवरायांचे नाव मिळवून देणे ही किरकोळ गोष्ट नव्हती. भोवताली बेताच्या उंचीच्या इमारती पुढच्या दशकात उभ्या राहिल्या आणि त्यांत प्रामुख्याने मराठी नोकरदार मध्यमवर्ग राहायला आला. या रहिवाशांमुळे मैदानाला रोजची वर्दळ मिळाली. २०२० मध्ये महापालिकेने ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असे नाव केले. बोलण्यात मात्र जुनेच चालते.

आता आक्षेप असा की, आराखड्यात जागा राखली गेली, म्हणून ती राहिली. बाकी सगळे नंतरचे. पण याच शहराच्या दक्षिण टोकाला वेगळे घडलेले दिसते. किल्ल्याबाहेरचे सलग एस्प्लनेड ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज अशा तुकड्यांत वाटले गेले. बॅकबेच्या काठाला, आजच्या मरीन ड्राइव्हवर, हिंदू, पारशी आणि इस्लाम जिमखान्यांना एकेक भूखंड मिळाला. समुद्रासमोरच्या त्या हिरवळी सभासदांच्या झाल्या. मोकळी जागा आराखड्यात राहते तशीच आराखड्यातून संस्थांकडेही जाते. शिवाजी पार्कच्या कडेलाही जिमखाना, स्काउट पॅव्हिलियन, व्यायाममंदिर, बंगाल क्लब यांच्या जागा आहेत आणि हा मुद्दा टाळून चालणार नाही. फरक एवढाच की त्या कडेलाच थांबल्या. मध्यभागी कुंपण घालण्याचा अधिकार कोणाला मिळाला नाही, कारण तिथे दुसरा कोणीतरी आधीपासून खेळत होता.

कसा, ते क्रिकेटमध्ये पाहावे. शनिवार-रविवारी एकाच मातीवर अनेक सामने चालतात आणि त्यांच्या सीमारेषा एकमेकींत घुसलेल्या असतात. एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपजवळ उभा असतो. तिसऱ्याच खेळीतला चेंडू अंगावर येईल याचे भान ठेवून फलंदाजाला पुढचा चेंडू खेळावा लागतो. या गर्दीतच विजय मांजरेकर, अजित वाडेकर, संदीप पाटील यांचे क्रिकेट घडले. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांना इथेच एका नेटमधून दुसऱ्या नेटमध्ये, एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात पळवले. बंदिस्त मैदानावर एका क्लबची मोजकी मुले खेळली असती. इथे किट खांद्यावर टाकून लोकलने येणाऱ्याला जागा होती. मैदानाच्या कडेला समर्थ व्यायाम मंदिर आहे. १९२५ मध्येच सुरू झालेल्या या संस्थेत मुले-मुली एरंडेल लावलेल्या लाकडी खांबावर मल्लखांबाच्या उड्या आणि पकडी शिकतात. २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा याच मैदानावर झाली.

खेळाच्या बरोबरीने राजकारणानेही या मातीवर हक्क सांगितला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत इथल्या सभांनी शहर ढवळून काढले. १९ जून १९६६ ला स्थापन झालेल्या शिवसेनेचा पहिला मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ ला इथेच झाला आणि दसरा मेळाव्याची प्रथा पडली. सभांमुळे मैदान पक्षांच्या हाती गेले, ही तक्रार जुनी आहे. ती गंभीरही आहे: मंडपाचे खड्डे खेळपट्टीत पडतात, ध्वनिवर्धकांचा त्रास रहिवाशांना होतो. पण या तक्रारीचा शेवट कुठे झाला ते पाहण्याजोगे आहे. रहिवाशांच्या संघटनेने दाखल केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. मोजके दिवस मात्र सूट राहिली. १८ नोव्हेंबर २०१२ ला शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्यावर इथे अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर त्या जागी उभारलेला तात्पुरता चौथरा वादानंतर हलवावा लागला आणि स्मारकासाठी शेवटी समुद्राकाठचा महापौर बंगला निवडला गेला. ज्या पक्षाची महापालिकेत सत्ता होती, त्यालाही आपल्या नेत्याचे मोठे स्मारक मैदानात उभारता आले नाही, यापेक्षा सबळ पुरावा कोणता? २०२२ मध्ये शिवसेनेच्या दोन गटांनी दसरा मेळाव्यासाठी मैदान मागितले, तेव्हा महापालिकेने दोघांनाही नकार दिला आणि निर्णय न्यायालयात झाला. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला लता मंगेशकरांवर इथे अंत्यसंस्कार झाल्यावरही स्मारकाची मागणी आली आणि मैदान मैदानच राहावे असे म्हणणारेही पुढे आले.

समुद्र या सगळ्यात कुठे, असा प्रश्न पडू शकतो. मैदानात उभे राहून तो दिसत नाही. पण ६ डिसेंबरला मैदान आणि किनारा वेगळे उरत नाहीत. ७ डिसेंबर १९५६ ला दादर चौपाटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. त्या जागेवरचा चैत्यभूमीचा स्तूप १९७१ च्या डिसेंबरात खुला झाला. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि बाहेरूनही येणारे लाखो लोक शिवाजी पार्कवर उतरतात, तिथेच मुक्काम करतात, पुस्तकांच्या स्टॉलवरून पोती भरून पुस्तके नेतात आणि रांगेने किनाऱ्याकडे जातात. मैदानाची सर्वांत मोठी पुस्तकखरेदी या दिवसांत होते, असे इथे येणारे प्रकाशक अभिमानाने सांगतात. कोणत्याही जिमखान्याच्या हिरवळीवर हे घडू शकले नसते. मैदान क्रिकेटचे किंवा भोवतालच्या रहिवाशांचेच असते, तर या माणसांना रात्र कुठे काढायची हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहिला असता.

उलट बाजूचे सर्वांत जड म्हणणे असे की, अनेकांच्या ओढाताणीत देखभालीची जबाबदारी कोणीच उचलत नाही. लाल मातीची धूळ ही त्याची साक्ष. पाऊस सरला की ती उडते आणि खिडक्यांवर, घरांत, छातीत बसते. पाणी मारणे, पर्जन्यजल साठवणे असे उपाय महापालिकेने केले आहेत. त्रास मात्र सरलेला नाही. हे म्हणणे खोडता येत नाही. तरीही त्यावर उपाय म्हणून मैदान एखाद्या संस्थेच्या हवाली करणे किंवा हिरवळ लावून तिकीट ठेवणे हा व्यवहार तोट्याचाच ठरेल. धुळीचा प्रश्न पाण्याचा आणि मातीच्या जातीचा आहे, मालकीचा नाही. किनाऱ्याची अवस्था याहून बिकट. दादरची चौपाटी अनेक वर्षे झिजत आली असून भरतीला वाळूची जेमतेम पट्टी उरते. चैत्यभूमीलगत पर्जन्यजलवाहिनीच्या मुखावर महापालिकेने बांधलेला माता रमाबाई आंबेडकर यांच्या नावाचा निरीक्षण मंच २०२२ मध्ये खुला झाला. तिथून समुद्र पाहता येतो, पण गेलेली वाळू त्याने परत येत नाही. किनाऱ्यासाठी मैदानाइतके भांडणारे आजवर मिळालेले नाहीत. मैदानाचे मात्र तसे नाही: त्याच्या पाचव्या प्रवेशद्वारापाशी ३ डिसेंबर २०२४ ला आचरेकर सरांचे स्मारक उभे राहिले, तेही कडेला; आतली माती खेळणाऱ्यांना मोकळी आहे.